पान उलटणारी

कोर्पिनिएमीच्या लाकडी चर्चमध्ये
फेब्रुवारीत हीटर बंद ठेवावे लागत.
तापलेल्या पत्र्याची टिकटिक मायक्रोफोनला ऐकू जायची,
म्हणून दोन टेकांच्या मधे दहा मिनिटं ऊब,
मग पुन्हा थंडी,
आणि लाल दिवा.

आउने लेहतिसारी एकाहत्तर वर्षांच्या.
बोटं कापलेले लोकरी हातमोजे
वाजवण्याआधी काढून माझ्या मांडीवर ठेवत,
झोपलेलं मांजर कुणाकडे सोपवावं तसे.
माझं काम एवढंच:
त्यांच्या डाव्या अंगाला बसायचं,
पानाचा वरचा कोपरा चिमटीत धरायचा
आणि नसल्यासारखं असायचं.

हाच तुकडा त्यांनी तिशीत रेकॉर्ड केला होता.
ती तबकडी आमच्या घरी आहे, आईची.
तिच्यावर दोन्ही हात एकाच क्षणी उतरतात,
संचलनातल्या बुटांसारखे.
आता डावा आधी पोचत होता
आणि उजवा मागून,
दाराशी नाडी बांधत राहिलेल्या माणसासारखा.

काचेपलीकडून ओस्मोने विचारलं, जरा चाचरतच,
"हे मुद्दाम आहे ना?"
त्या म्हणाल्या, "आमचे एर्की बर्फावर
नेहमी चार पावलं मागे असायचे.
मी थांबत नसे.
तिशीत होते तेव्हा."
मग हातांवर फुंकर मारली
आणि पहिल्या पानाकडे बोट दाखवलं.

नववा टेक स्वच्छ होता.
भाडेकरू सोडून गेल्यावर
धुऊन काढलेल्या खोलीइतका स्वच्छ.
चौदाव्यात,
मधल्या भागात जिथे सूर एकमेकांच्या खांद्यावर चढतात,
तिथे करंगळी काळ्या पट्टीवरून घसरली.
मलाही कळलं, छतालाही कळलं असेल.

ओस्मो म्हणाला, "नवव्यातले दोन सेकंद कापून इथे जोडतो.
सांधा सापडणार नाही कुणाला."
त्या बराच वेळ खाली पेडलकडे बघत राहिल्या.
"पुढचा सूर त्या चुकीला दचकून वाजलाय," म्हणाल्या,
"त्याला कुठे ठेवशील?"

ओस्मोने पेन्सिल कानामागे खोचली.
दुपारचे तीन वाजले होते, बाहेर अंधारायला लागलं होतं.

शेवटच्या पानाआधी एक विराम आहे.
वर अर्धवर्तुळ, त्याखाली ठिपका,
अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारखा.
किती थांबायचं ते लिहिणाऱ्याने लिहिलेलं नाही.
तो ठिपका देऊन गेला, आणि तसा लवकरच गेला.
त्या दर वेळी वेगळं थांबत.
सातव्यात घाईने, जणू ट्राम सुटते आहे.
अकराव्यात मोजून,
ते मोजणं त्यांच्या मानेच्या शिरेत दिसत होतं.
चौदाव्यात इतकं
की मला वाटलं, विसरल्या.
हात हवेत, माझ्या चिमटीत पान,
तारांमधला जुना सूर विरत विरत
भिंतीच्या लाकडात शिरला,
आणि मी श्वास घेतला.

तोच टेक निघाला.
मे महिन्यात वर्तमानपत्रात कुणी लिहिलं:
त्या विरामातला वादिकेचा श्वास ऐका,
एका अख्ख्या आयुष्याचं शहाणपण आहे त्यात.
मी तेव्हा एकोणीस वर्षांची,
आदल्या रात्री नाचायला गेलेले,
आणि नाक चोंदलेलं.

कात्रण घेऊन त्यांच्याकडे गेले, कान लाल करून.
त्यांनी चष्मा शोधला, सापडला नाही,
मीच वाचून दाखवलं.
हसल्या नाहीत.
"मी तर रोखूनच धरला होता," म्हणाल्या,
आणि कॉफी गाळायला उठल्या.

आज ती तबकडी पुन्हा लावली.
शेवटचा सूर संपल्यावर ओस्मोने टेप चालूच ठेवली होती.
स्टूल करकरतं.
कुणाचा तरी बूट फळीवर.
आणि आवाज खूप वाढवला तर,
अगदी शेवटी,
सुई आतल्या कडेला लागायच्या आधी,
टिक.
हीटर.
कुणीतरी जरा लवकरच लावलेला.