गणती, किलोमीटर एक्केचाळीस

अथणीकडं जाणारी वाहनं माझी,
विजापूरकडची सिदगोंडाची.
मध्ये डांबर. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या,
बॅटरी एकच, ती त्याच्या बाजूला.
सात दिवस, सात रात्री.
चार रेघा उभ्या, पाचवी आडवी,
असं साहेबानं जीपमधून न उतरताच सांगितलं.

रस्ता इथं वळत नाही.
तेलसंगच्या अलीकडं जो सुटतो
तो शाळवातनं, करडईच्या पिवळ्यातनं
कुणाला न विचारता सरळ.
रात्री लांब दिवा दिसतो
आणि गाडी यायला इतका वेळ लागतो
की मी पेन उचलते, ठेवते,
पाणी पिते, ओढणी कानावरनं घेते,
तरी तो दिवाच असतो.

उसाच्या ट्रॅक्टरचं गाणं आधी येतं,
मग धूळ, मग ऊस.
बेदाण्याचे टेम्पो. मिरजेची बस.
मेंढरं आली तेव्हा मी अडले.
घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, टोपलीत कोंबड्या,
एका करडाचं तोंड झोळीतनं बाहेर.
'इतर'मध्ये एक लिहिलं, खोडलं,
मग घोडी मोजली, तीन.
मेंढरं तशीच जाऊ दिली.

तिसऱ्या दिवशी गावात कळलं,
आकडा भरला तर रस्ता रुंद होणार.
भरमू मगदूमचे कडेला साडेतीन गुंठे.
तेव्हापासून तो मोटरसायकलवर
जातोय, येतोय, जातोय,
दरवेळी माझ्याकडं बघून हॉर्न देत.
टपरीवाली गंगव्वा चहा घेऊन आली,
"अक्का, जरा कमी लिव की गं.
रुंद झाला तर माझी चूल कुठं मांडू?"
चहाचे पैसे घेईना. मी बशीखाली ठेवले.
भरमूच्या सगळ्या फेऱ्या लिहिल्या.
कशासाठी, असा रकाना फॉर्मात नाही.

दोन ते चार काहीच येत नाही.
शून्यसुद्धा लिहावं लागतं.
डांबर थंड होतं तसं बारीक काहीतरी तडकतं,
सिदगोंडा पलीकडं पुटपुटतो, वंदु, यरडु, मूरु,
मी विचारते, काय मोजालास रे, रस्ता तर मोकळा हाय.
तो म्हणतो, झोप येऊ नये म्हणून.

पाचव्या रात्री साडेबाराला रुग्णवाहिका.
मिरजेकडं, म्हणजे माझी.
निळा दिवा शाळवाच्या कणसांवर फिरला,
आत कुणीतरी सलाइनची बाटली उंच धरून उभं.
रेघ मारली, मोटार या रकान्यात.
पहाटे माझा डोळा लागला असणार.
सकाळी बेरजेला कागद एकत्र केले
तर सिदगोंडाच्या कागदावर, चार ते पाचच्या घरात,
तशीच एक रेघ.
दिवा चालू होता का, मी विचारलं नाही.
तो चूळ भरायला गेला, बराच वेळ आला नाही.

सातव्या दिवशी बेरीज जुळली नाही.
माझ्याकडनं गेलेल्या
एकशे चार जास्त.
साहेब म्हणाला, असतंय तसं, सही करा.

खुर्च्या जीपमध्ये टाकल्या.
मातीत चार भोकं माझी, चार त्याची.
मागच्या काचेतनं बघितलं,
भरमू आला, हॉर्न दिला,
दोन्ही बाजूंना मान फिरवली
आणि रस्त्याच्या मधोमध गाडी बंद केली.
लांबून एक दिवा येत होता.
बराच वेळ येत होता.