कांद्याची साल, नववी ब

आडगावच्या प्रशिक्षणात तीन दिवस शिकवलं
पेशीच्या आत कसं जायचं:
दोन बोटं फळ्यावर टेकवा आणि फाकवा.
प्रमाणपत्रावर भामरेचं भांबरे झालं.
चहा मात्र बरा होता.

सोमवारी म्हसरूळच्या शाळेत
मी दोन बोटं टेकवली, फाकवली.
जांभळं केंद्रक उघडलं, वाटीत ठेवल्यासारखं,
तंतुकणिका फिरू लागल्या, हिरवी हरितलवकं तरंगली,
मागे कुणीतरी बासरी वाजवत होतं.
सगळं इतकं स्वच्छ
की आत जाताना चपला काढाव्यात.

"बाई, हा कांदा आहे?"
अक्षदा पगार. वडील मार्केट यार्डात
दिवसाला दोनशे गोण्या पाठीवर घेतात.
"कांद्यात हिरवं कोंब फुटल्यावर येतं.
आणि मग त्याला कुणी विचारत नाही."

मी 'पुढे' दाबलं.
पुढे बेडूक होता.

रात्री भाजी चिरताना थांबले.
पाकळीच्या आतला पापुद्रा नखानं सोलला,
दिव्यापुढे धरला. पलीकडे
नवऱ्याचं वर्तमानपत्र दिसत होतं.

मंगळवारी उगले मामांनी
लाकडी पेटीतून सूक्ष्मदर्शक काढला,
माझा फोन रबरबँडनं भिंगावर बांधला,
वायर फळ्याला जोडली, देवाचं नाव घेतलं.
आधी अंधार.
मग मामांची पापणी, ओंडक्याएवढी.
मग विटा: ओळीनं रचलेल्या, पिवळट,
प्रत्येकीत एक ठिपका, कडेला सरकलेला.
मध्ये काळ्या काठाचा हवेचा बुडबुडा,
अर्ध्या वर्गानं केंद्रक म्हणून तोच काढला.
तेवढ्यात विटांवरून नाव सरकलं: गॅसवाला.
चाळीस पोरं हसली, मीही.

अक्षदा पुढे आली.
काचपट्टी उजवीकडे ढकलली, चित्र डावीकडे गेलं.
परत ढकललं. परत.
"हे उलटं का चालतं?"
तास संपल्याची घंटा झाली. कुणी उठलं नाही.
वर्गाला कांद्याचा वास येत होता,
डोळे चुरचुरत होते, कुणी तक्रार केली नाही.
हिरवं कुठेच नव्हतं.

महिनाअखेरीच्या अहवालात संगणक म्हणतो:
पेशी, नववी ब, धडा अपूर्ण, बेचाळीस टक्के.
मुख्याध्यापकांनी लाल गोल केलाय.

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात आयोडीनचा डाग,
तिच्या बोटाएवढा.
मामा ओल्या फडक्यानं पुसतात.
मी त्यांना म्हटलं, राहू द्या.