खोल टोकाची टेबलं

नॉरिस क्लेग सकाळी आठाच्या ठोक्याला येतो.
दारावर दगडात कोरलेलं 'पुरुष' अजून आहे,
पलीकडच्या दारावर 'स्त्रिया'.
कंपनीनं दोन्ही दारं ठेवली, मधली भिंत पाडली.
तो मात्र चुकूनही दुसऱ्या दारानं येत नाही.

चार पौंडांत अंडी, बीन्स, एक सॉसेज,
कॉफी हवी तितक्यांदा.
हेच अंडं, हाच दर, हाच मेनू
साखळीतल्या त्या पबात, जो आधी बँक होता,
आणि त्यातही, जिथे लोक गुडघे टेकायचे.
आमचा मॅनेजर कॅलम तिथूनच बदलून आला.
सांगतो, बँकेत जोडपी तिजोरीच्या खोलीत बसायची,
दार आपोआप लागत नाही ना, हे दोनदा पाहून.
चॅपलमध्ये कुणी मोठ्यानं हसत नसे,
निदान पहिल्या ग्लासापर्यंत.

इथे काय होतं? त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.
मी वर बोट केलं: काचेचं छत, लोखंडी कमानी,
गॅलरीचा कठडा, जिथून आया ओरडायच्या.
आणि जुगाराच्या मशीनमागे, पांढऱ्या टाइल्सवर
काळे आकडे: सहा फूट तीन इंच.

तलावावर फळ्या टाकून जमीन सपाट केली म्हणतात.
गालिचा मुद्दाम विणून घेतला, निळ्यावर निळ्या लाटा,
असा दुसऱ्या कुठल्या पबात नाही.
पण सहाला येऊन झाडते मी, मला विचारा.
बारपुढच्या उघड्या लाकडावर
वाटाणा, सुटं नाणं, कुणाच्या कानातला मोती,
जे निसटतं ते खोल टोकाकडेच घरंगळतं.
बुडत्याचा पाय खोलात, तसा पिणाऱ्याचाही:
तिकडची टेबलं आधी भरतात.

गावातली अर्धी माणसं नॉरिसनं पोहायला शिकवली.
मलाही.
हनुवटीखाली फक्त दोन बोटं धरायचा
आणि ती कधी काढून घेतली, कळायचं नाही.

आता एकोणऐंशीचा आहे.
एका गुरुवारी बायकोचं नाव सापडेना,
मग कॉफी थंड होईपर्यंत खिसे चाचपत राहिला.
पण रात्री शेवटची घंटा झाली की उठतो
आणि डोकी मोजतो.
कुणी अडवत नाही. बेरिल आणि तिच्या बिंगोवाल्या,
टायरच्या दुकानातली पोरं,
मशीनशी एकटाच भांडणारा डंकन,
सगळे गप्प बसून मोजून घेतात.

गेल्या शुक्रवारी म्हणाला, "एक कमी आहे."
आम्ही हसलो. त्यानं पुन्हा मोजलं.
"एक कमी."
बेरिल बायकांच्या टॉयलेटात डोकावून आली.
डंकन कोट न घालता रस्त्यावर जाऊन आला.
नॉरिस उभाच, हात खांबाला,
नजर गालिच्यावर, हलत नाही, पापणी लवत नाही.
पोरांनी हातातले ग्लास खाली ठेवले.

तेवढ्यात बारमागची झडप उघडली.
तळघर म्हणजे तोच तलाव.
निळ्या टाइल्स तशाच, बिअरची पिंपं
उतारावर पाचरी मारून उभी.
शिडीचा लोखंडी कठडा धरत कॅलम वर आला.
नळी फुटली होती. केसांपासून बुटांपर्यंत निथळत होता.

नॉरिसनं बारवरचा टॉवेल उचलला,
त्याच्या डोक्यावर टाकला,
दोन्ही हातांनी खसाखसा पुसलं.
"ओल्या केसांनी बाहेर पडायचं नाही.
आईला सांगेन."
कॅलम चोवीस वर्षांचा, तीन गावं फिरून आलेला,
इथे त्याचं सुखदुःख विचारणारं कुणी नाही.
मान खाली घालून उभा राहिला,
पुसून झाल्यावरही थोडा वेळ.

"भरले," नॉरिस म्हणाला,
टोपी घातली
आणि आपल्या दारानं निघून गेला.

मी खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या.
वास बिअरचाच होता, दुसरा कशाचा नाही.
आकड्यांखाली, भिंतीला टेकून,
वीस पेन्सचं नाणं पडलं होतं.
राहू दिलं.