अकराचे तीन

उम्म अल कुवैनच्या बाहेर, तिवरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर
एक पाण्याची टाकी आहे, आणि तिच्या अंगाला टेकलेली
राखाडी पत्र्याची पेटी.
पेटीत बोर्ड. बोर्डावर नखाएवढी मेमरी.
ऑगस्टात दुपारी दीडच्या सुमाराला
ती अकराचे तीन करायची.

अकरा मीटर पाणी, टाकी काठोकाठ,
आणि पेटी सांगायची: तीन.
पंप हुकमाचा ताबेदार. भरत राहायचा.
पाण्याचं बिल फुगलं तेव्हा आम्हाला बोलावलं.

साडेबारा ते तीन उन्हात कामाला बंदी,
म्हणून हा प्रकार कुणी पाहिलाच नव्हता.
संध्याकाळी सगळं ठीक. अकरा म्हणजे अकरा.
सुहैल परकार, खेडचा, म्हणाला:
ही भुताटकी नाही तर काय?
भुताटकी असती तर बरं होतं.
भुताला उतारा तरी देता येतो.
मी लॅपटॉप जोडला.

ह्या चिपशी बोलायला मोजून चार तारा.
कुठली वर, कुठली खाली, एवढंच व्याकरण.
ओळ उघड.
घर वाच.
ओळ मीट.
उघडल्याशिवाय वाचता येत नाही,
मिटल्याशिवाय दुसरी उघडता येत नाही,
आणि वाचलं की तिथलं पुसलं जातं,
म्हणून प्रत्येक वाचन म्हणजे पुन्हा लिहिणं.
कॉलेजात हे मी पाठ केलं होतं. कळलं इथे.

वीज आल्या आल्या मात्र वेगळाच विधी.
थोडं थांबायचं, सगळ्या ओळी मिटायच्या,
मग एक आज्ञा, जिच्यासोबत
पत्त्याच्याच तारांवरून पत्ता जात नाही,
स्वभाव जातो.
मागितलं की किती ठोके थांबून द्यायचं.
एका दमात किती द्यायचं.
एकदा सांगितलं की, कुणी बदलेपर्यंत, तोच स्वभाव.

मलाही कुणी सांगितलं असेल का असं,
सावंतवाडीच्या सरकारी दवाखान्यात,
पहिल्या रडण्याच्या जरा आधी:
मागितल्यावर लगेच देऊ नकोस.
तीन ठोके थांब.

पण दोष स्वभावात नव्हता.
प्रत्येक घरात चिमूटभर वीज, आणि ती झिरपते.
चौसष्ट मिलिसेकंदांत
आठ हजार एकशे ब्याण्णव ओळींवरून
एकदा हात फिरवून यावं लागतं,
नाहीतर एकाचं शून्य व्हायला कितीसा वेळ.
हा हिशोब पंच्याऐंशी अंशांपर्यंतचा.
आत ठेवलेल्या तापमापकाने
दीड वाजता नोंदवून ठेवलं होतं: एक्याण्णव.
अकरा म्हणजे आठ, दोन आणि एक.
त्यातले आठ उन्हात झिरपून जायचे.
बाकी राहायचे तीन, तेही इमानाने.

उपाय एका आकड्याचा.
सात पूर्णांक आठ मायक्रोसेकंद होतं,
तिथे तीन पूर्णांक नऊ लिहिलं.
दुप्पट वेळा हात फिरव.
चिपने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
आज्ञेला उत्तर द्यायची तिच्यात पद्धत नाही.

झाकण लावायला टाकीच्या मागच्या बाजूला गेलो
तर वाळूत हातभर रुंद हिरवं.
कोथिंबीर. पुदिना.
मिरचीची दोन रोपं, त्यातल्या एकाला फूल.
रखवालदार बुढाथोकी प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठला.
जूनपासून रोज दुपारी टाकी वरून वाहते, म्हणाला.
कंपनीची मेहेरबानी, असंच तो समजत होता.
पुदिन्याची चार पानं खुडून
त्याने परकारच्या हातावर ठेवली.

मी स्क्रू पिळत होते. तिसरा. चौथा.
पत्रा अजून चटका देत होता.

"उद्यापासून पण येईल ना पाणी?"
त्याने मोडक्या हिंदीत विचारलं.

प्रश्न पोचला. मी थांबले.
एक ठोका.
दोन.

परकार गाडीकडे गेला होता,
पाण्याचा कॅन उतरवायला.