दुसरी खेप

लिल्हारे ठेकेदाराचं बोटिंग बसलं
तसे दोन तराफे काठावर आले, विकायला.
दोन्ही पोकळ पोंग्यांवर फळ्या ठोकलेले.
एक लहाना, आठ माणसांचा.
एक मोठा, वीस जणांचा, वर पत्र्याचं छत,
छताला अजून कुणाच्या तरी वाढदिवसाच्या झिरमिळ्या.

हेमराज, माझा दीर, सरळ मोठ्यावर चढला,
मधल्या बाकावर मांडी घालून बसला.
"वयनी, अख्खी वरात जाते याच्यात.
बँडबी."
आमच्या दोन्ही काठांवर मिळून
वर्षाला लग्नं होतात चार.
मी काही बोलले नाही.

पोंगे वाजवून पाहिले.
टरबूज वाजवतात तसे नाही,
माठ वाजवतात तसे, बोटाच्या पेरानं, कान लावून.
लहान्याचा आवाज टण्ण, रिकामा, खरा.
मोठ्याचा डावा पोंगा डब् म्हणाला.
"दव हाये आतलं," लिल्हारे म्हणाले.
मे महिन्यात.

मग हिशेब.
मोठ्याला इंजिन मोठं, पेट्रोल पिणार
जावयासारखं, ताट सरकवत.
वारा सुटला की छत धरून भलतीकडेच ओढणार.
आणि होळीनंतर फुगवटा उतरतो,
जुन्या गावाचे धुरे वर येतात,
तेव्हा हा चिखलात बसणार म्हशीवानी
आणि उठवायला गाव लागणार.
लहान्याला मी एकटी लोटू शकते.
लोटून पाहिला. माझी चप्पल गाळात गेली,
तो मात्र हलला.

एवढं ठरलं होतं.
नोटा कमरेच्या पिशवीत मोजलेल्या.
तरी मान मोठ्याकडेच वळत होती.

मागल्या श्रावणात पारबताला नेलं होतं डोंग्यानं,
कळा सुटलेल्या.
ती, सुईण, तिचा नवरा, वल्ह्यावर मी.
आई काठावर राहिली.
"दुसऱ्या खेपेत ये," मीच म्हटलं होतं.
परत आले तर ती गुडघाभर पाण्यात उभी,
पदर दातांत धरून.
मुलगी झाली, अर्ध्या पाण्यातूनच ओरडले मी.
तरी ती बसली नाही.
बसायला होतंच काय तिथं?

लहान नावेला नेहमी दुसरी खेप असते.
पेट्रोलच्या हिशेबात ती येते.
काठावर उभं राहिलेलं माणूस
कोणत्या रकान्यात लिहायचं,
मला माहीत नव्हतं.

"लहानाच घेतो," मी म्हणाले,
"पन मोठ्यातला तो बाक खोलून द्या."
लिल्हारे हसले. "बाकाचं काय करता, बाई?"
हेमराजला त्यावरून उठवावं लागलं.
बोल्ट गंजलेले, पान्याला दाद देईनात,
रात्रभर घासलेट पाजलं तेव्हा सुटले.

आता तो काठावर आहे, करंजाखाली,
एका पायाखाली वीट.
मी पलीकडून येताना लांबूनच मोजते
बसलेली डोकी.

तीन दिवस रुसून
त्यावर पहिला बसला तो हेमराजच.
नाव भरली होती, आठ म्हणता नऊ झाले होते,
एक बकरी वेगळीच.
मी थांबले तर त्यानं हात हलवला,
विडी शोधत खिसा चाचपत म्हणाला,
"जाय तू.
मी हाओ दुसऱ्या खेपेत."