काचेतून आलेलं ऊन मोजत नाहीत

मिठागराच्या कडेला राहायचो तेव्हा
पत्र्याला सात भोकं होती.
दुपारी जमिनीवर सात नाणी सांडायची
आणि थोरला ती वेचायला रांगायचा.
ऊन तेव्हा फुकट होतं, नकोसं होतं,
गोणपाट बांधून आम्ही त्याला हाकललं.

मग कागद झाले, अंगठे झाले,
मानखुर्दला चौथ्या मजल्यावर खोली मिळाली.
चारशे बारा. नळ आत, संडास आत,
माझ्या नावावर.
खिडकी उघडली की समोर खिडकी.
समोरचीने कांदा चिरला की पाणी माझ्या डोळ्यांना.
दोन इमारतींच्या मधे आकाश
साडीच्या फॉलएवढं.

रेवा इथलीच, इथे जन्मलेली.
दर पंधरा दिवसांनी छाती घरघरते.
ताप जातो,
चप्पल विसरल्यासारखा परत येतो.
जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर बसते,
म्हणते, पाय झोपले.
पोरं खेळायला बोलावतात, ही भिंतीकडे तोंड करते.
सासूबाई म्हणाल्या, दृष्ट.
बालवाडीच्या बाई म्हणाल्या, आळस.
मी म्हटलं, खात नाही.

मस्करेन्हस डॉक्टरीणबाईंनी रक्त काढायला लावलं.
कागदावर आलं, अकरा.
मी विचारलं, शंभरापैकी?
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, हाडांचं तर आहेच,
पण हे जीवनसत्त्व अंगातल्या राखणदारांनाही लागतं,
जंतू दारात आला की त्यांना वेळेवर जाग यावी म्हणून.
स्नायूंना लागतं.
मनालाही लागत असेल, तिथे अजून एकमत नाही.
खोकला यानेच, असं छातीठोक सांगणार नाही मी.
पण अकरा कमी आहे.

मला त्यांचं ते न सांगणं आवडलं.
छातीठोक सांगणारे फार पाहिलेत.

पुडी दिली, आठवड्याला एक, दुधातून.
बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने वाढवायची नाही.
आणि ऊन.
मी म्हटलं, येतं की, मे महिन्यात,
बारा वाजून दहा मिनिटांनी खिडकीच्या काचेवर,
सतरा मिनिटं थांबतं.
त्या म्हणाल्या, काचेतून आलेलं ऊन मोजत नाहीत.
काच उजेड आत सोडते,
कामाचं ते बाहेरच ठेवते.
मला पुनर्वसनाचं ऑफिस आठवलं.

गच्चीला कुलूप, चावी तांडेलांकडे.
टाकी आहे, टॉवर आहे, पोरं पडतील, नियम आहे.
तीनदा गेले.
चौथ्यांदा शाहीनला घेऊन गेले, तिच्या हुमेराचे नऊ,
खालच्या पद्माच्या मुलाचे तेरा.
आकडे त्यांच्या टेबलावर ओळीने मांडले,
मटक्याचे मांडावेत तसे.
तांडेलांनी चष्मा काढला, पुसला.
आत त्यांचा नातू खोकत होता.

आता रविवारी आणि बुधवारी, अकरा ते साडेअकरा,
डिश अँटेनांच्या मधे सात पोरं, बाह्या वर.
आम्ही कठड्याला पाठ लावून राखण करतो.
पहिल्या दिवशी रेवा थबकली.
पायाला काळं काहीतरी चिकटलेलं.
तिने पाय झटकला, त्यानेही झटकला.
आमच्या गल्लीत सावली पडत नाही,
सगळी सावलीच आहे.
पाच वर्षांची झाली पोर,
स्वतःची एवढी ठळक भेटली नव्हती कधी.
मग अर्धा तास ती तिला तुडवत फिरली.

तीन महिन्यांनी एकोणतीस.
खोकते अजून. गेल्या महिन्यात एकदाच.
पुडीने, उन्हाने, की नुसतं वय वाढलं म्हणून,
बाई म्हणाल्या, सांगता येत नाही.
मीही कुणाला सांगत नाही.
परवा मात्र चौथ्यापर्यंत न बसता चढली,
दारात उभी राहून वरून म्हणाली,
आई, किती हळू येतेस.

मी दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून होते.
माझं रक्त अजून कोणी काढलेलं नाही.