चौथी फेरी

दर गुरुवारी दहा वाजता मी कागद वाटते.
वर ठळक छापलेलं: मेंदूचा व्यायाम.
खाली कोडं, आणि कोपऱ्यात माझ्यासाठी एक चौकट:
किती मिनिटं, किती चुका, मदत लागली का.

सोल्नोकच्या या वृद्धाश्रमातून तिसा दिसत नाही,
दिसतात नुसते तिच्या काठचे पॉपलर,
आणि जूनमध्ये त्यांचा कापूस,
जो सगळ्यांच्या चहात पडतो.

एटेल्काबाई साखर कारखान्यात हिशेब लिहायच्या.
आकड्यांचा चौकोन त्या स्वेटर विणावा तसा भरतात,
शेजारी खोडरबर, कोरं करकरीत,
कधी लागलं नाही हे लोकांना कळावं म्हणून ठेवलेलं.

वेंडेलआजोबांचा उजवा हात मार्चपासून रुसलाय.
एकतीस वर्षं याच हाताने लोखंडी दोर ओढत
त्यांनी तराफा या काठाचा त्या काठाला नेला.
आज त्यांच्या वाट्याला लांडगा, शेळी आणि कोबी.
नावेत नावाडी, आणि बरोबर एकच.
नावाड्याची पाठ फिरली
की लांडगा शेळी खाणार, शेळी कोबी.

"पाणी किती होतं?"
ते दिलेलं नाही, मी म्हटलं.
"वारा?"
तोही नाही.
"मग याला नदी कोण म्हणेल?"

आणि मग सुरूच झाले.
बोर्बेय भावांचा छत्तीसचा आकडा, मधे जर्दाळूची सहा झाडं;
एक काठावर दिसला की दुसऱ्याला सांगायचं, दोर अडकलाय.
पाद्री आणि सहकारी शेतीचा सचिव एका फेरीत चालायचे,
फक्त दोघांच्या मधे डुकरं उभी करायची.
"लांडगा परवडला. तो निदान भाड्यावरून भांडत नाही."

पेन्सिल त्यांनी घेतलीच नाही.
टेबलक्लॉथवरची निळी पट्टी, ती नदी.
कोटाचं तुटलेलं बटण, लांडगा.
साखरेचा खडा, कोबी.
शेळी म्हणून, न विचारता,
एटेल्काबाईंचं खोडरबर.

शेळी पलीकडे. परत रिकामं.
"रिकाम्या फेरीलाही हात तेवढाच दुखतो."
बटण पलीकडे.
आणि तिथे हात थांबला.

बटण आणि रबर, शेजारी शेजारी, पैलतीरावर.
तीन मिनिटांआधी सुचवायचं नाही असा नियम आहे.
मी घड्याळ बघत राहिले.

"शेळी परत आणायची," ते म्हणाले.
सापडल्यासारखं नाही. कबूल केल्यासारखं.
"एकदा आणली होती."

एक बाई. एका हातात पेटी,
दुसऱ्यात शिवणयंत्राचं नुसतं हँडल,
यंत्र उचललं नसावं.
संध्याकाळी तिला नेलं.
रात्री नवरा आला सायकल घेऊन, त्यालाही नेलं,
भाडं देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?
पहाटे ती वाळुंजाच्या झुडपात, गुडघ्यापर्यंत चिखल.
तिला या काठाला आणलं.
पैसे घेतले नाहीत. कुठे बोललो नाही.
"तो दुपारपर्यंत तिकडेच शोधत होता."

खोलीत कापूस उडत होता.
एटेल्काबाईंनी मान वर केली नाही.
"पाणी चढलेलं होतं," त्या म्हणाल्या,
"आणि वारा उत्तरेचा."

त्यांच्या चौकोनात, एकाच ओळीत, दोन आठ.
त्यांचा हात रबर चाचपत गेला.
रबर ऐलतीरावर होतं, एकटं.

वेंडेलआजोबांनी साखर पलीकडे नेली,
रिकामे परत आले,
आणि सातवी, शेवटची फेरी केलीच नाही.
रुसलेल्या हाताने, इंच इंच,
रबर टेबलावरून त्यांच्याकडे सरकवलं.
मग कोबी चहात टाकला आणि ढवळून प्यायले.

मी चौकटीत लिहिलं: एकोणीस मिनिटं.
फेऱ्या सहा.
मदत लागली का, या रकान्यापाशी
पेन अजून टेकलेलं आहे.